एकटी जा, आणि दोर हातात घे

पहिली गोष्ट सांगते, रविवारची वाट बघत बसू नकोस. त्याला सुट्टी मिळेल, मग दोघं मिळून जाऊ, तो दाखवेल ते बघू, असं म्हणत म्हणत तुझा अमेरिकेतला पहिला हिवाळा गेला. त्याचा दोष नाही गं, कामाला जुंपलेला आहे बिचारा. पण तू जर्सी सिटीच्या त्या उंच खिडकीतून हडसनपलीकडचं मॅनहॅटन रोज बघतेस आणि मला फोनवर म्हणतेस, "ताई, मी इथे त्याच्या सामानाबरोबर आल्यासारखी आले आहे." ते वाक्य मला फार लागलं. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या कितीतरी मुलींच्या तोंडून मी ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे आणि कधीकाळी मी स्वतःही ते मनात घोळवलं आहे. म्हणून आज नुसता धीर देत नाही, एक पत्ता देते.

पाथ रेल्वेची गाडी पकड. वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतर. वर आलीस की फुल्टन स्ट्रीट धर आणि पूर्वेकडे चालत राहा, थेट पाणी लागेपर्यंत. वाटेत टायटॅनिकच्या स्मरणार्थ 1913 साली उभारलेला छोटा दीपस्तंभ दिसेल, पुढे दोनशे वर्षं जुन्या व्यापाऱ्यांच्या विटांच्या पेढ्या. त्या संपल्या की सोळा नंबरचा धक्का, पिअर सिक्स्टीन. तिथे साउथ स्ट्रीट सीपोर्ट म्युझियमची जुनी जहाजं असतात. त्यातलं 'पायोनियर' नावाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत ऊबदार महिन्यांत लोकांना घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात फिरायला निघतं. त्याचं एक तिकीट काढ. एकच, तुझं.

तू म्हणशील, बंदर बघायला स्टेटन आयलंडची नारिंगी फेरी आहे की, फुकट आहे, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या बाजूने जाते, रात्रंदिवस चालते. आहे ना, आणि चांगली आहे. घरी पाहुणे आले, पैशाची ओढाताण असली, पाऊस असला तर खुशाल फेरीनं जा. पण फेरीवर माणूस चढतो, रेलिंगला टेकतो, फोटो काढतो आणि उतरतो. त्याच्याकडून कुणाला काही नको असतं. तुला सध्या नेमका याचाच त्रास होतो आहे, की या देशात तुझ्याकडून कुणाला काही नको आहे. पायोनियरवर तुझ्याकडून काम हवं असतं. म्हणून तिथे जायचं.

या गलबताची जात आधी समजून घे, म्हणजे त्यावर पाय ठेवताना बुजणार नाहीस. हौशी श्रीमंताची नौका नव्हे ही. 1885 साली पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूक गावी ते बांधलं गेलं, तेही वाळू वाहायला. डेलावेअर उपसागराच्या मुखाशी वाळू भरायची आणि चेस्टरच्या लोखंडाच्या भट्टीवर नेऊन ओतायची, हे त्याचं काम. सुरुवातीला त्याला एकच डोलकाठी होती, दहा वर्षांनी दोन झाल्या. अंग लोखंडाचं होतं, त्या काळी अमेरिकेत अशी छोटी मालवाहू गलबतं बहुतेक लाकडाची असत. अमेरिकेत बांधलेल्या लोखंडी अंगाच्या व्यापारी शिडाच्या जहाजांपैकी आज हे एकटं शिल्लक आहे. मधल्या काळात त्याच्यावर इंजिन बसलं. 1930 मध्ये ते मॅसॅच्युसेट्सला गेलं तोवर शिडं वापरातून गेली होती. इतर शेकडो मालवाहू होड्यांसारखं तेही एखाद्या खाडीत पडून संपायचं, पण 1966 मध्ये एकाने ते पुन्हा बांधून काढलं, जुन्या लोखंडावर पोलाद चढलं, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, आणि काही वर्षांत ते या म्युझियमकडे आलं. आयुष्याच्या मध्यात शिडं गेलेली आणि मग परत मिळालेली ही होडी मला इथल्या कुठल्याही चकचकीत नौकेपेक्षा जवळची वाटते.

शेजारीच 'वेव्हरट्री' नावाचं तीन डोलकाठ्यांचं अवाढव्य जहाज उभं असतं. तेही 1885 चंच, इंग्लंडात साउदॅम्प्टनला बांधलेलं. ते कशासाठी बांधलं माहीत आहे? आपल्या पूर्व भारतातला ताग स्कॉटलंडला न्यायला. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या या जहाजाने सुरुवातीच्या दिवसांत आपल्या देशाचा माल उचलला आहे. जमलं तर आधी लवकर जाऊन त्यावरही चढून ये.

आता मुख्य गोष्ट. धक्का सोडताना पायोनियर इंजिनावर निघतं. मोकळं पाणी मिळालं की खलाशी विचारतात, शीड चढवायला कोण येतंय? त्या क्षणी सगळे एकमेकांकडे बघतात. तू बघू नकोस. फोन पिशवीत टाक आणि उठ. तुला वाटेल, आपल्याला काय येतंय यातलं, आपलं इंग्रजी, आपला अंगठ्या घातलेला हात. अंगठ्या मात्र घरीच काढून ठेवून जा, दोरात अडकतात. बाकी काही येण्याची गरज नाही.

या शिडाच्या वरच्या कडेला एक जाड वासा असतो, त्याला गाफ म्हणतात. शिडाबरोबर तो वासाही हातांनी वर चढवायचा असतो. वाशाचं डोलकाठीजवळचं टोक एका दोराने वर जातं, बाहेरचं टोक दुसऱ्या दोराने. म्हणून डेकवर दोन रांगा होतात, रापण ओढताना किनाऱ्यावर होतात तशा. दोन्ही रांगांनी सारख्या वेगाने ओढायचं, म्हणजे वासा आडवा, सरळ वर जातो. एक रांग पुढे पळाली तर तो तिरका होतो आणि अडकतो. खलाशी वर बघत ओरडून सांगत असतात, इकडच्यांनी थांबा, तिकडच्यांनी ओढा. शेवटी बाहेरचं टोक आणखी वर खेचतात, तेव्हा शिडावरच्या तिरप्या सुरकुत्या निघून जातात आणि कापड ताणून बसतं. तोवर तुझ्या दंडात कळ आलेली असते.

तिथे तीन गोष्टी पाळ. दोर हाताला कधी गुंडाळायचा नाही, तो सुटला तर हात घेऊन जातो. डेकवर पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. आणि ओढताना नुसत्या हातांनी ओढू नकोस, गुडघे वाकवून अंगाचा भार मागे टाक. विहिरीवर पाणी शेंदलेल्या बायकांच्या नाती आहोत आपण, ते अंगात आहेच कुठेतरी.

तुझ्या पुढे दोर धरून कोण उभं असेल सांगता येत नाही. ब्रुकलिनची निवृत्त शिक्षिका असेल, जर्मनीहून आलेला विद्यार्थी असेल, एखादी शाळकरी पोर असेल. तू कुणाची बायको, कुठल्या व्हिसावर, काय करतेस, हे त्या दोन रांगांत कुणी विचारत नाही. विचारायला श्वासच नसतो. ओढून झालं की सगळे एकमेकांकडे बघून हसतात, आणि मग बोलणं आपोआप सुरू होतं. या शहरात माझी पहिली घट्ट मैत्रीण मला अशीच एका दोराच्या रांगेत मिळाली. एवढे दिवस मी वाचनालयात, व्यायामशाळेत, कॉफीच्या दुकानात मैत्री शोधत होते, आणि सगळीकडे पहिला प्रश्न 'तुम्ही काय करता' हाच असायचा.

शिडं चढली की इंजिन बंद होतं. त्यानंतरचं बंदर वेगळं असतं. मॅनहॅटनचा घरघराट मागे राहतो, पाण्याचा आवाज ऐकू येतो, दोर करकरतात.

तू अलिबागची आहेस, म्हणून पुढचं तुला पटकन कळेल. ज्या पाण्याला इथे ईस्ट रिव्हर म्हणतात, ती नदी नाहीच. दोन्ही टोकांना समुद्राला जोडलेली खाडी आहे, भरतीला एका दिशेने वाहते, ओहोटीला उलट. तुझ्या खिडकीखालची हडसनसुद्धा भरतीची नदी आहे. समुद्राची भरती तिच्यात वर दीडशे मैलांवरच्या ट्रॉय शहरापर्यंत जाणवते. ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात पायी जाणारी आणि पाणी चढायच्या आत परत फिरणारी माणसं आपण. आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं. इथे ते दीड मीटरच्या आसपास, पण अरुंद खाडीत त्याला जोर फार. कप्तान निघताना वारा बघते, पाणी बघते, आणि मग कुठून कुठे जायचं ते ठरतं. म्हणून तिकिटावर ठरलेला नकाशा नसतो. आज पुतळ्याच्या किती जवळ जाणार, असं आधी विचारून बसू नकोस.

उन्हाळ्यात दुपारनंतर इथे बहुतेकदा दक्षिणेकडून, समुद्राकडून वारा येतो. पुतळा आणि बंदराचं तोंडही त्याच बाजूला. म्हणजे जायचं आहे तिकडूनच वारा. शिडाचं जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, त्याला तिरपं जावं लागतं, थोडं डावीकडे, मग वळून थोडं उजवीकडे. दर वळणाला कप्तान मोठ्याने इशारा देते, नाळ वाऱ्यातून फिरते, शिडं क्षणभर फडफडतात, आणि मग दुसऱ्या बाजूने फुगतात. डेक हळूच दुसऱ्या अंगावर कलतं. पहिल्यांदा पोटात गोळा येईल. घाबरू नकोस, कलणं हे शिडाच्या जहाजाचं चालणंच आहे. फक्त शिडाखालचा आडवा वासा फिरतो त्या बाजूला उभी राहू नकोस, खलाशी सांगतील तिथे बस.

शहर बघण्याबद्दल माझं ऐकशील तर उंच इमारतींवर वेळ घालवू नकोस. त्या तुझ्या खिडकीतूनही दिसतात. निघताच मागे वळून ब्रुकलिन ब्रिज बघ. तो 24 मे 1883 ला खुला झाला. मूळ आराखडा जॉन रोबलिंगचा. तो काम सुरू व्हायच्या आधीच धनुर्वाताने गेला. मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग मुख्य अभियंता झाला. पाण्याखालच्या पायात, दाबाखालच्या हवेत काम करून तो अंथरुणाला खिळला. मग त्याची बायको एमिली रोज कामावर जायला लागली. ती त्याच्या सूचना अभियंत्यांना नेऊन द्यायची, त्यांचे प्रश्न घेऊन यायची. त्यासाठी ती पुलाचं गणित, तारांची ताकद, बांधकामाचं सामान, सगळं शिकली. वर्षानुवर्षं. ब्रुकलिन हाइट्सच्या कड्यावरची घरं तुला होडीतून दिसतील. तिथल्याच एका खिडकीतून नवरा दुर्बिणीने काम बघत असायचा. खिडकीत तो होता, आणि पुलावर ती. पूल खुला होताना तो ओलांडणाऱ्या पहिल्या माणसांत एमिली होती, आणि पुढे पन्नाशी गाठल्यावर तिने न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचा अभ्यासही केला. हे नाव पूल बघायला येणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. तू लक्षात ठेव.

पूल खुला झाल्यावर अकराव्या दिवशी, 4 जून 1883 ला, याच बंदरात एका आगबोटीतून अठरा वर्षांची एक मराठी मुलगी उतरली. आनंदीबाई जोशी. कलकत्त्याहून निघालेली, बरोबर नवरा नाही, माहेरचं सासरचं कुणी नाही. तेव्हा पुतळाही उभा नव्हता इथे. तिला उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. बघ, तुझ्याच राज्यातलं गाव, तुझ्या घरापासून फार लांब नाही. ज्या बाईला तिने फक्त पत्रांतून ओळखलं होतं, तिच्या घरी ही मुलगी राहायला गेली. पुढे फिलाडेल्फियाला शिकली, 1886 मध्ये डॉक्टर झाली, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेली. तिच्या अस्थी मात्र कार्पेंटरबाईंकडे परत आल्या आणि हडसनकाठच्या पोकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. म्हणजे तुझ्या खिडकीखालच्या पाण्याने वर वर गेलं की आनंदीबाई आहेत. आपण शाळेत तिचा धडा वाचला, परीक्षेला लिहिला. पण बंदरात वाऱ्यावर बसून, थंडीने कुडकुडताना, ही मुलगी इथे उतरली तेव्हा तिला नेमकं काय दिसलं असेल असा विचार कर. मी इथे अशी बसले होते त्या दिवशी मला तिच्याबद्दलचं सगळं वाचलेलं पहिल्यांदा खरं वाटलं.

गव्हर्नर्स आयलंडवरचा गोल लालसर किल्ला दिसेल, कॅसल विल्यम्स, 1811 चा. बंदर राखायला बांधलेला. आता बेटावर लोक सायकली चालवतात. तिथे एखाद्या शनिवारी नवऱ्याला घेऊन जा, त्याला आवडेल.

आणि मग पुतळा. फेरीतून तो बाजूने निघून जातो. शिडावर असताना तो वळणावळणाला वेगवेगळ्या बाजूने समोर येतो, कधी पाठ, कधी मशालीचा हात. त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाड आहे, आणि तो तोलून धरणारा आतला लोखंडी सांगाडा आयफेलने आखलेला. पण मला तुला त्याच्या अनावरणाचा दिवस सांगायचा आहे. 28 ऑक्टोबर 1886. स्वातंत्र्याचा पुतळा बाईच्या रूपात, आणि बेटावरच्या समारंभाला बायकांना जवळजवळ मज्जाव. तेव्हा मतदानाचा हक्क मागणाऱ्या न्यूयॉर्कच्या बायकांनी काय केलं? एक बोट भाड्याने घेतली आणि बेटाभोवतीच्या पाण्यात फिरत राहिल्या. ज्या देशात बाईला मत नाही तिथे स्वातंत्र्याला बाईचं रूप देणं हा केवढा विरोधाभास, हे त्या बोटीवरून त्यांनी मोठ्याने बोलून दाखवलं. न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत मिळायला 1917 उजाडलं, देशभर 1920. पायोनियर त्या अनावरणाच्या वेळी वर्षाचं होतं, दूर डेलावेअरवर वाळू वाहत होतं. पुतळा पाण्यातून बघावा असं मी म्हणते त्याचं एक कारण त्या बायका आहेत. आमंत्रण नव्हतं, पण पाणी कुणाच्या मालकीचं नव्हतं.

पुतळ्यावर उतरायचं असेल तर त्याची बोट वेगळी. ती तुमच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही सुटते, मॅनहॅटनला जायची गरज नाही. पायोनियर कुठेही थांबत नाही. आई-बाबा येतील तेव्हा त्यांना पुतळ्याच्या पायाशी न्यावंच लागेल, तेव्हा हे उपयोगी पडेल.

पुतळ्याच्या पलीकडे एलिस आयलंड. 1892 च्या 1 जानेवारीला ते उघडलं आणि 1954 मध्ये बंद झालं. दरम्यान सुमारे सव्वा कोटी माणसं तिथून या देशात शिरली. नोंदवहीत पहिलं नाव कुणाचं? अ‍ॅनी मूर नावाच्या सतरा वर्षांच्या आयरिश मुलीचं. आई-बाप आधीच न्यूयॉर्कला आलेले, आणि ही दोन धाकट्या भावांना सांभाळत समुद्र ओलांडून आली. थोरली बहीण! मला ती त्यामुळेच आवडते. पहिली म्हणून तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं होतं. पुढे तिचं लग्न झालं ते फुल्टन मासळीबाजारात काम करणाऱ्या माणसाशी, म्हणजे ज्या धक्क्यावरून तू निघालीस त्याच्याच शेजारी. तो बाजार 2005 मध्ये ब्रॉन्क्सला हलवला. एरवी तुला तिथे ताज्या मासळीसाठी दर आठवड्याला पाठवलं असतं.

एलिसच्या मागे जर्सी सिटीच्या काठावर लाल छपराचं जुनं रेल्वे स्थानक दिसेल. आगबोटीतून उतरलेली माणसं तिथून गाडी पकडून देशभर पांगत. त्याच काठाला कोलगेटचं प्रचंड घड्याळही आहे, 1924 पासूनचं. आणि त्यांच्या वर कुठेतरी तुझी इमारत. ती नक्की शोध. त्या खिडकीत बसून तू ज्या पाण्याकडे बघत असतेस त्या पाण्यातून एकदा ती खिडकी बघ, किती लहान दिसते ते.

आता कामाच्या गोष्टी. पायोनियरची बुधवार-गुरुवारची संध्याकाळची फेरी बघ, शनिवार-रविवारपेक्षा गर्दी कमी असते, रांगेत दोर हातात यायची शक्यता जास्त. तिकीट आधी काढून ठेव, आणि त्या हंगामाचं वेळापत्रक म्युझियमकडूनच घे, कारण ते दरवर्षी बदलतं. जमिनीवर घाम येत असला तरी वारा अडवणारं एक जाकीट बरोबर ने, पाण्यावर ऊन उतरलं की वारा बोचतो. ओढणी नको, शिडाच्या आणि दोरांच्या मध्ये ओढणी हा धोकाच आहे. केस घट्ट बांध. रबरी तळव्याचे, सपाट, पायात बसणारे बूट घाल. धक्क्यावर चढायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन ये. जेवण हलकं कर, पण उपाशी जाऊ नकोस. तुला गेटवेच्या लाँचमध्येही मळमळायचं, म्हणून नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानातून आलेपाक घे आणि निघायच्या आधीच एक वडी तोंडात ठेव. तरी पोट ढवळलं तर फोनच्या पडद्याकडे बघू नकोस, दूरच्या क्षितिजाकडे बघ. वादळाची शक्यता असली तर ते फेरी रद्द करतात. तेव्हा हिरमुसून घरी परत येऊ नकोस, दुसरी तारीख माग.

आणि नवऱ्याला काय सांगायचं? सरळ सांग की मी जाते आहे, रात्री नऊपर्यंत येईन. परवानगी मागितल्यासारखं सांगू नकोस, आणि भांडणाच्या सुरातही नको. तो चांगला मुलगा आहे. त्याला वाटत असेल की तुला फिरवणं हे त्याचं राहून गेलेलं कर्तव्य आहे, आणि त्या ओझ्याने तो रविवारी आणखी थकतो. तू एकटी जाऊन आलीस तर त्याच्याही छातीवरचा दगड उतरेल. पुढच्या वेळी त्याला घेऊन जा. तेव्हा कुठे बसायचं, वारा कुठून आहे, कुठला दोर काय करतो, हे सांगणारी तू असशील.

एक शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत जास्त हवी आहे. उतरताना खलाशांशी बोल. त्यांच्यातले बरेच जण पगारी नसतात, स्वयंसेवक असतात. कुणी दिवसा बँकेत, कुणी शाळेत, आणि इथे दोर ओढायला, शिडं दुरुस्त करायला, रंग खरवडायला येतात. हे म्युझियम 1967 मध्ये सुरू झालं तेव्हापासून अशाच माणसांच्या हातांवर चाललं आहे. गलबतं हिवाळ्यात फिरत नाहीत, पण कामं तेव्हाच जास्त निघतात. जुन्या जहाजाची निगा कधी संपत नाही. विचार, नव्या माणसांना कधी घेता, काय शिकवता, आठवड्यातून किती वेळ लागतो. व्हिसा कुठला आहे ते त्यांना मोकळेपणाने सांग, आणि नवऱ्याच्या कंपनीचा जो वकील तुमची कागदपत्रं बघतो त्यालाही आधी एक ओळ लिहून विचार, म्हणजे मनात धाकधूक राहणार नाही. वर्क परमिट येईल तेव्हा येईल. तोवर गाठ मारायला शिक, शीड शिवायला शिक, भरतीचं कोष्टक वाचायला शिक. आंग्र्यांच्या गावची मुलगी आहेस, गलबतांच्या अंगणात वाढलेली, आणि शिडाला हात मात्र आपल्यापैकी कुठल्याच मुलीला घरी कुणी लावू दिला नाही. इथे लावू देतात.

तिकीट काढलंस की तारीख कळव. आणि खरंच, अंगठ्या घरी ठेव.